समुद्र कोणाच्या बापाचा?

"समुद्र काय ह्यांच्या बापाचा आहे का?" आमच्या भाऊजींनी हा प्रश्न स्तिंतिनोच्या फाटकाशी उभं राहून शुद्ध मराठीत विचारला. फाटकावरच्या मुलीला शब्द कळले नाहीत, सूर बरोबर कळला. तिने हसून मोबाइल आमच्यापुढे धरला: आजची तिकिटं संपली. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या वायव्य टोकावरचं स्तिंतिनो हे लहानसं गाव, आणि गावापुढे काही अंतरावर ला पेलोझा नावाची पांढरी पुळण. २०२० पासून उन्हाळ्याच्या हंगामात तिथे दिवसाला १५०० माणसांनाच सोडतात. तिकीट साडेतीन युरो, बारा वर्षांखालच्या मुलांना आणि गावकऱ्यांना माफ. वाळूवर नुसता टॉवेल अंथरायचा नाही, खाली चटई हवी. सिगारेट ओढायची नाही. निघताना पाय धुऊन वाळू तिथेच ठेवून जायचं. आम्ही दुसऱ्या दिवसाची तिकिटं काढली, गेलो, डुंबलो, परत आलो. भाऊजींचा प्रश्न मात्र आमच्याबरोबर विमानात बसून पुण्याला आला आणि घरच्या ग्रुपवर दोन आठवडे धुमसत राहिला.

ग्रुपवर जे दोन पक्ष पडले तेच तिकडे युरोपातही पडलेत, म्हणून हे लिहिते आहे. २०२४च्या जुलैत बार्सिलोनात निदर्शकांनी हॉटेलांत जेवणाऱ्या पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. २०२५च्या जूनमध्ये बार्सिलोना, पाल्मा, लिस्बन, व्हेनिस अशा शहरांत एकाच दिवशी मोर्चे निघाले. एक पक्ष म्हणतो, पर्यटकांनी गावं खाल्ली, त्यांना हाकला. दुसरा म्हणतो, समुद्र सगळ्यांचा, अडवणारे तुम्ही कोण? दोन्हीकडच्यांनी भांडण 'गावकरी विरुद्ध पाहुणे' असं लावून घेतलंय आणि त्यामुळे ते वर्षानुवर्षं फिरून त्याच जागी येतं. माझं म्हणणं वेगळं आहे. लहान पुळणीवर डोकी मोजायलाच हवीत, आणि ती पाळीने मोजावीत, पैशाने नव्हे. शिवाय सामाईक किनाऱ्याला खरा धोका फाटकावरच्या त्या मुलीचा नाही. तिच्यावर डाफरणारी माणसं पुढच्या गावात जिथे निमूट पैसे मोजतात, त्या भाड्याच्या छत्र्यांच्या रांगांचा आहे.

आधी भाऊजींचा मुद्दा पुरता मान्य करू, कारण तो त्यांना वाटतो त्याहून फार जुना आणि भक्कम आहे. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक काढलं, त्यात निसर्गनियमाने सर्वांच्या सामाईक असलेल्या गोष्टींची यादी आहे: हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राला लागून म्हणून समुद्रकिनारा. किनाऱ्यावर जायला कुणाला मज्जाव नाही. कोळ्याने तिथे आडोशाला खोपटं बांधावं, जाळी वाळवावीत. हाच विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये, हिमाचलात बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या खटल्यात, रोमनांचा हवाला देऊन आपल्या कायद्यात आणला: नद्या, किनारे, जंगलं सरकारच्या मालकीची नसतात, सरकार त्यांचं विश्वस्त असतं. स्पेनने तर १९७८च्या राज्यघटनेतच पुळणी सार्वजनिक म्हणून नोंदवल्या. तेव्हा समुद्र कुणाच्या बापाचा नाही, हे ठरलेलं आहे. भाऊजी जिंकले.

पण जे सगळ्यांचं असतं ते कुणीही, कधीही, कितीही वापरावं असं कुठे ठरलं होतं? सामाईक गोष्टींवर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या माणसांनी असा अर्थ कधीच केला नाही. मार्सेयच्या कोळ्यांची प्रुदोमी नावाची पंचायत पंधराव्या शतकापासून चालत आली आहे. कोळ्यांनी आपल्यातूनच पंच निवडायचे आणि कोणतं जाळं कुठे, केव्हा टाकायचं हे त्यांनी ठरवायचं. फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावरच्या अशा पंचायती मोक्याच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटत. लिलाव नाही, चिठ्ठी! समुद्र सगळ्यांचा होता म्हणूनच चिठ्ठी टाकावी लागत होती; एकाचा असता तर तो म्हणेल तो भाव झाला असता. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कोकणातली रापण आठवा: जाळं ओढायला जो दोरीला लागला त्याला वाटा, पण वाटा कसा पडणार याचा नियम ठरलेला. पांझरेच्या खोऱ्यातली फडपद्धत आठवा: बंधाऱ्याचं पाणी गावाचं, म्हणून प्रत्येकाची पाळी. 'पाळी' हा शब्दच सामाईकपणाचा आहे. स्वतःच्या विहिरीला पाळी नसते.

आता कुणी विचारेल, वाळूला कसली पाळी? पाणी संपतं, मासे संपतात, वाळू थोडीच संपते? भूमध्य समुद्र आपल्या समुद्रासारखा नाही, हे इथे ध्यानात घ्यावं लागतं. आपल्याकडे ओहोटी लागली की पुळण बघता बघता रुंदावते. दुपारच्या भरतीला पायाशी आलेलं पाणी संध्याकाळी लांब गेलेलं असतं, आणि गर्दी आपोआप पांगते. भूमध्यात भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी हातभरही नाही. सकाळी जेवढी वाळू, तेवढीच रात्री. लहान खाडीतली पुळण म्हणजे एक खोली समजा. तिच्या भिंती हलत नाहीत. त्यातही ला पेलोझासारख्या ठिकाणची वाळू पिठासारखी बारीक. ओल्या टॉवेलाला, पिशवीच्या बुडाला, चपलेला चिकटून ती मूठ मूठ करत निघून जाते. नदीने आणून ओतावी अशी ती नसते. भूमध्यातल्या अनेक पुळणींवरच्या वाळूचा मोठा भाग शिंपल्यांचा आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुरा असतो, आणि ते जीव राहतात पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताच्या कुरणात. हे गवत आडवं पसरतं ते वर्षाला फार तर बोटभर. बोटीच्या एका नांगराने उपटलेला तुकडा भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. त्याची वाळलेली पानं हिवाळ्यात किनाऱ्यावर तपकिरी ढिगांनी साचतात आणि वादळी लाटांपासून वाळू राखतात. पर्यटक त्याला घाण म्हणतो, हॉटेलवाला यंत्र लावून ती उचलतो, आणि पानांबरोबर पुळणही उचलली जाते.

हा कपोलकल्पित धाक नाही. सार्डिनियाच्या ईशान्येला बुदेल्ली नावाच्या बेटावर गुलाबी पुळण आहे. त्याच गवतात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाच्या कवचांनी ती गुलाबी होते. लोक बाटल्या भरून वाळू नेत राहिले, आणि १९९०च्या दशकात ती पुळण माणसांना बंद करावी लागली. आजही ती लांबूनच बघायची. २०१९च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सकडे जाणाऱ्या बोटीवर चढण्याआधी एका जोडप्याच्या गाडीत ४० किलो वाळू सापडली, १४ बाटल्यांत भरलेली. आठवण म्हणून नेत होतो, म्हणाले. आठवणीला ४० किलो! सार्डिनियात वाळू नेणं हा २०१७ पासून दंडाचा गुन्हा आहे, तो उगीच नाही.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. मर्यादा, शिस्त, निसर्ग ही सगळी श्रीमंतांची भाषा आहे, असं ते म्हणतात. गर्दी नको म्हणजे गरीब नकोत. या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याला इतिहासही आहे. १९३६च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये आघाडीचं सरकार आलं आणि कामगारांना पहिल्यांदा कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्याच ऑगस्टपासून रेल्वेने ४० टक्के सवलतीची तिकिटं काढली. गिरणीत, खाणीत जन्म काढलेली माणसं बायकामुलांना घेऊन आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला निघाली. त्याआधीच किनाऱ्यावर पोचलेल्या बड्या लोकांनी काय केलं? नाकं मुरडली. 'पगारी रजावाले' ही तिथे शिवी झाली. आज 'स्वस्त विमानाने येणारी झुंड' म्हणणाऱ्यांच्या तोंडून मला तोच आवाज ऐकू येतो, आणि कधी कधी तो आपल्याच तोंडून येतो: दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरलेल्या बसगाड्या बघून "पब्लिक फार झालंय हो" असं म्हणणारे आपण स्वतः तिथे कशाने गेलेले असतो?

पण हा मुद्दा मान्य केला की त्यातून निघतं काय? गर्दीला वाट मोकळी सोडली म्हणजे गरिबाला जागा मिळते, असं निघतं का? सार्डिनियाचाच दुसरा कोपरा बघू. १९६२ मध्ये आगा खान यांच्या पुढाकाराने कोस्टा स्मेराल्डा नावाचा महागड्या हॉटेलांचा किनारा उभा राहिला. कागदोपत्री तिथल्याही पुळणी सार्वजनिक. पण हॉटेलाचे, जेवणाचे, बोटीच्या धक्क्याचे भाव असे की फाटक लावायची गरजच पडत नाही. तिथल्या किमतीच डोकी मोजतात. कुणी म्हणत नाही की इथे प्रवेश अडवला. साडेतीन युरोंच्या उघड फाटकाने आपण चिडतो आणि तीनशे युरोंचं अदृश्य फाटक आपल्याला 'क्लास' वाटतं, ह्याला काय म्हणावं? मर्यादा दोन्हीकडे आहेच. एकीकडे ती सगळ्यांना सारखी लागते, दुसरीकडे फक्त खिसा हलका असलेल्याला.

मार्सेयलगतच्या कालांक राष्ट्रीय उद्यानाने हे सर्वांत नेमकं केलं आहे. सुजितों नावाच्या चिंचोळ्या खाडीत उन्हाळ्यातल्या एकेका दिवशी अडीच हजारांपर्यंत माणसं उतरत. उताराची माती धुपून पाइन झाडांची मुळं उघडी पडली. २०२२ पासून तिथे हंगामात दिवसाला ४०० माणसं. आधी नाव नोंदवावं लागतं आणि नोंदणीला एक पैसाही पडत नाही. मंत्र्याला आणि हमालाला एकच रांग. उलट टोकाला व्हेनिस. २०२४ मध्ये तिथे दिवसभरासाठी येणाऱ्यांना ठरावीक दिवशी ५ युरो लावले, मात्र माणसांच्या संख्येवर मर्यादा घातली नाही. पैसे भरा, कितीही या. पहिल्या पद्धतीला पाळी म्हणतात, दुसरीला जकात. आपण वाद घालताना दोन्हींना 'तिकीट' म्हणतो आणि गोंधळ करून ठेवतो. ला पेलोझा या दोहोंच्या मध्ये आहे, पण त्याचा कल पाळीकडे आहे.

आता त्या छत्र्यांकडे येते. इटलीच्या मुख्य भूमीवर, आद्रियाटिक समुद्राच्या बाजूला गेलात तर वाळू दिसण्याआधी छत्र्या दिसतात. रंगवार, ओळीवार, नंबर टाकलेल्या. किनारा सरकारचा, सरकारने तो परवान्याने खाजगी चालकांना दिलेला, परवाने वर्षानुवर्षं आपोआप वाढत आलेले, बापाकडून मुलाकडे गेलेले. बापाचा समुद्र म्हणायचा तर तो हा! लेगांबिएन्ते ही तिथली पर्यावरण संघटना सांगते की देशाच्या वालुकामय किनाऱ्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक लांबी अशा चालकांनी व्यापलेली आहे. बदल्यात सरकारी तिजोरीत काय येतं? इटलीच्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०१६ ते २०२० या वर्षांची सरासरी काढली: वर्षाला १० कोटी युरोंच्या आसपास. सगळ्या देशाच्या किनाऱ्याचं हे भाडं, आणि दोन खुर्च्या व एक छत्री दिवसभर घेतली तर अनेक ठिकाणी तीसच्या पुढे युरो एका कुटुंबाला मोजावे लागतात.

चालकांचीही बाजू आहे आणि ती पोकळ नाही. पाण्यात बुडणाऱ्याला काढणारा जीवरक्षक त्यांच्या पगारावर असतो. संडास, न्हाणी, सावली, स्वच्छता हे सगळं ते बघतात. मोकळ्या पुळणीवर नगरपालिका यातलं किती करते, हा प्रश्न रास्त आहे. बरेचसे चालक म्हणजे कुणी धनदांडगे नव्हेत, दोन-तीन पिढ्या तिथेच राबलेली कुटुंबं आहेत. ठीक. मग खुल्या निविदेत उतरायला भीती कशाची? युरोपीय संघाचा २००६चा निर्देश एवढंच सांगतो की मर्यादित जागेचे परवाने स्पर्धेने द्या. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की आपोआप मुदतवाढ चालणार नाही. २०२१ मध्ये इटलीच्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तेच बजावलं. सरकारांनी तरीही मुदत ढकलत ढकलत २०२७च्या सप्टेंबरपर्यंत नेली. मध्यंतरी एक गंमत झाली. किनारा दुर्मीळ नाहीच, फक्त ३३ टक्के व्यापला आहे, असा हिशेब २०२३ मध्ये इटलीने ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, दाखवला. त्या हिशेबात खडकाळ कडेही मोकळा किनारा म्हणून मोजले होते. कड्यावर टॉवेल अंथरा म्हणावं!

रोमन कायद्यात या प्रश्नाचंही उत्तर होतं. कोळ्याच्या त्या खोपटाचं काय? खोपटं उभं आहे तोवर जागा त्याची. ते पडलं की जागा पुन्हा सगळ्यांची, जणू मध्ये काही बांधलंच नव्हतं. म्हणजे वापराचा हक्क होता, वारसाहक्क नव्हता. दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली इतकी साधी गोष्ट रोमनांच्याच देशात न्यायालयांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते आहे. बाकीच्यांनी निदान प्रमाण ठरवलं. फ्रान्समध्ये २००६च्या हुकुमाने नैसर्गिक पुळणीचा ८० टक्के भाग मोकळा ठेवावा लागतो. ग्रीसमध्ये २०२३च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरची माणसं हातात टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरली: आम्हाला आमच्याच पुळणीवर अंथरायला जागा द्या. पुढच्याच वर्षी कायदा आला: निम्मी पुळण मोकळी, संरक्षित भागात ७० टक्के मोकळी, आणि पाण्यापासून चार मीटरच्या आत खुर्ची नाही. त्या 'टॉवेल आंदोलना'त पर्यटकाला कुणी पिचकारी मारली नाही. भांडण कोणाशी आहे हे त्यांना अचूक कळलं होतं.

राहिला गावकऱ्यांना माफीचा प्रश्न. हा ग्रुपवर सर्वांत जास्त चिघळला: आम्हाला पैसे, त्यांना फुकट, का? सामाईक म्हणजे सगळे सारखे ना? इथे स्तिंतिनो कसं वसलं ते सांगावं लागेल. समोर असिनारा नावाचं बेट दिसतं. १८८५ मध्ये इटलीच्या सरकारला तिथे कैद्यांची वसाहत आणि साथीच्या रोग्यांसाठी विलगीकरण केंद्र हवं होतं. म्हणून बेटावरच्या ४५ कुटुंबांना उठवलं. त्यांनी अलीकडच्या किनाऱ्यावर येऊन हे गाव वसवलं. त्या काळी सार्डिनियाचा किनारा म्हणजे कुणाला हवीशी जागा नव्हती. पुळणीपुढे जो सोळाव्या शतकातला बुरूज आहे, तो उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला, आणि चाचे गेले तरी हिवताप होता. तो गेला १९४६ ते १९५० च्या डीडीटी मोहिमेत. मधली सगळी वर्षं ही माणसं तिथे टूना मासे धरून जगली, आणि तोही धंदा पुढे बंद पडला. आज गाव पर्यटकांवर जगतं, हे खरं. पर्यटक नको म्हणणारा तिथे उपाशी मरेल, हेही खरं. पण सरकारने एकदा किनाऱ्यावरून उठवलेल्यांच्या पणतवंडांना, बाजार दुसऱ्यांदा उठवू पाहत असताना, साडेतीन युरो माफ केले तर माझ्या पोटात दुखत नाही. गावकऱ्याची पुळणीवर रोजची येजा असते, माझी आयुष्यात एकदाची. दोन्हींना एकाच मापाने मोजणं म्हणजे समता नव्हे.

ला पेलोझाची पद्धत निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिकीट मोबाइलवर काढायचं, म्हणजे आधी बेत ठरवणाऱ्यालाच ते मिळणार. जवळच्या सासारी शहराहून सकाळच्या बसने आलेल्या म्हाताऱ्याचं काय? निदान तिसरा हिस्सा त्याच दिवशी, फाटकावर, आल्या क्रमाने द्यायला हवा. आणि साडेतीन युरो तरी कशाला? सुजितोंसारखं शून्य करावं, राखणदारांचा पगार गाड्यांच्या पार्किंगमधून काढावा. १५०० हा आकडाही आकाशातून पडलेला नाही. तो दर काही वर्षांनी वाळूची जाडी मोजून गावापुढे मांडला जावा, कमी करायचा की वाढवायचा ते सगळ्यांसमक्ष ठरावं.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्यातुकड्यांनी लिहिलं. भाऊजींनी रोमनांना अंगठा दिला, पाळीला दिला, वाळूच्या ४० किलोंवर तीन हसरे चेहरे टाकले. मग मी विचारलं, "भाऊजी, ला पेलोझाच्या दोनच दिवस आधी दुसऱ्या गावात आपण छत्रीचे ३५ युरो दिले, तेव्हा तुम्ही समुद्राच्या बापाची चौकशी केली नव्हती." बराच वेळ उत्तर आलं नाही. शेवटी लिहिलं, "तिथे खुर्ची होती. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुळणीवरच्या एकूण जागेत गुडघे दुखणाऱ्यांसाठी, भाडं न घेता, किती खुर्च्या ठेवाव्यात, हे ग्रीसच्या आणि फ्रान्सच्या त्या टक्केवारीत कुठे बसतं ते मी अजून शोधते आहे.